दापोड्याचे गोदामवाले

भिवंडीत निवृत्त नौसैनिकांच्या मदतीला धावणारा आमचा एक छोटा गट आहे. त्यात दापोड्याचे एक गोदाममालक आहेत. समुद्राशी त्यांचा काही संबंध नाही. खाडीत होडीत बसले तरी त्यांना मळमळतं. कुणाला भेटायला गेले की ते धीर वगैरे देत नाहीत. खुर्ची ओढून बसतात आणि स्वतःच्या गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगतात. शेवटी आजारी माणूसच त्यांची समजूत घालतो.

वळ गावातले एक म्हातारे नौसैनिक मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला तयार नव्हते. बायको गेल्यापासून ते म्हणायचे, "आता बघायचं काय राहिलंय?" आम्ही सगळे समजावून थकलो. तेव्हा गोदामवाले म्हणाले, "काका, माजा पन डोला कराचा हाय. मना यकट्याला भ्या वाटतं. तुमी चला ना संगती."

काकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सोमवारी तयार राहा," म्हणाले.

आम्हाला ती युक्ती फार आवडली. पण हॉस्पिटलात नर्सनं डोळ्यात थेंब घालताच गोदामवाले उठून थेट जिन्याकडे निघाले. हिरवा गाऊन घातलेल्या काकांनी त्यांना मनगट धरून परत आणलं. "गपचूप बस. आधी मी जातो, मग तू."

संध्याकाळी दोघं काळे चष्मे लावून बाकावर बसले होते. मी गोदामवाल्यांना हळूच म्हणाले, "घाबरल्याचं नाटक छान वठवलंत हो!"

ते दुखावले. "नाटक कसला, ताई? वरीस झाला, डाक्टर बोलवतंय. संगतीला कोन व्हता?"