खोड सांगेल त्याचीच गाडी

भिलामामांना गाडी चालवता येत नाही. ब्रेक कुठला आणि क्लच कुठला असं विचारलं तर ते दोन्ही पाय वर उचलून सीटवर मांडी घालतात. अशा माणसाला मी जुनी गाडी बघून द्यायला बोलावलं, तेव्हा आमच्या धडगावच्या शाळेतल्या सगळ्या बायकांनी मला वेड्यात काढलं. एकीने तर विचारलं, "का गं ममता, गाडीला चारापाणी किती लागतं तेही मामाच सांगणार का?" तिला चांगलं खरमरीत उत्तर द्यायचं जिभेवर आलं होतं, पण माझा ऑफ तास संपत आला होता.

मामा सारंगखेड्याचे. तापीकाठी थोडी पपई, थोडी केळी, आणि उरलेला सगळा जीव घोड्यांत. स्वतः त्यांनी आयुष्यात एकच घोडी पाळली, पण तिथल्या घोड्यांच्या यात्रेत लोकांना घोडं बघून द्यायचं काम जन्मभर केलं. दलाली घेत नाहीत. चहा घेतात, तोही बशीत ओतून. घोडं घेणारा दात बघतो, खूर उचलतो, अंगावरचे भोवरे मोजतो. मामा तेवढा वेळ मालकाशेजारी बसून पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही घोड्याकडे बघतच कसे नाही? ते अहिराणीत म्हणाले, "घोडं ते आंधळाबी देखी लेस, बेटी. देखाना ऱ्हास धनी." म्हणजे बघायचा तो मालक. मला तेव्हा वाटलं, मामांना घोड्यातलं काही कळत नाही म्हणून ही पळवाट आहे. आजही थोडंसं वाटतं.

गाडी हवी होती ती जगदीशसाठी, माझ्या नवऱ्यासाठी. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नंदुरबारला डायलिसिस. धडगावहून नंदुरबार म्हणजे मध्ये चांदसैलीचा घाट, आणि घाट उतरायला शेअर जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली असं ड्रायव्हर कधी म्हणत नाही. त्या थंडीत एकदा जीप निघायला इतका उशीर झाला की डायलिसिसची पाळी चुकली, आणि दुसऱ्या दिवशी जगदीशना बसल्या जागी श्वास घेता येईना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असं होऊ देऊ नका." नवी गाडी आमच्या ऐपतीबाहेरची. जुनी हवी, स्वस्त हवी, आणि घाटात दगा न देणारी हवी. चालवणार मीच होते; लायसन्स काढून बसले होते.

पहिली गाडी आम्ही शहाद्याला एका विकणाऱ्याकडे बघितली. लाल, चकचकीत, आत अत्तराचा वास. तो म्हणाला, "मामा, डोळे मिटून घेऊन जा. या गाडीत एक खोड काढून दाखवा!" मामांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि उठले.

"चाल वं ममता."

"मामा, अजून तर बॉनेटबी उघाडं नही!"

"बिनखोडनं जनावर देवनीबी घडं नही. हाऊ माणूस काही तरी दपाडी ऱ्हायना."

काय लपवत होता तो? रस्ताभर मी मामांवर रुसून होते. गाडी मला आवडली होती.

दुसरी गाडी मामांनी धडगावच्या बाजारात चहा पितापिता शोधली. मालक वीरसिंग पावरा, जवळच्याच पाड्यावरचे, मका पिकवणारे, आमचूर करणारे शेतकरी. अंगणात पांढरी वॅगनआर उभी, टपावर कोंबडी. मामा ओसरीवर टेकले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कसाले इकी ऱ्हायनात, भाऊ?"

"बापासाठी घेतली होती, दवाखान्यात न्यायला," वीरसिंगभाऊ म्हणाले. "बाप गेला. आता मालासाठी पिकअप घेतली. दोन गाड्या कशाला?" मग कुणी न विचारता त्यांनीच सुरुवात केली. "थंडीत सकाळी पहिला गिअर हट्ट करतो, त्याला जरा वेळ द्या. मागचं डावं दार आतून उघडत नाही. डावी काच हाताने धरून वर करावी लागते. एसी आहे, पण लावू नका, नुसता आवाज करतो."

मामांचा चेहरा असा खुलला, जसं काही कुणी त्यांना जिलेबी वाढली. माझ्याकडे वळून म्हणाले, "जो खोड सांगस, त्यान्हाकडथून डोया झाकीसन लेवानं."

डोळे झाकून घेणारी मी नव्हे. मी ईश्वर मिस्त्रीला आणलं. त्याने बॉनेट उघडलं, गाडीखाली शिरला, घाटात एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "बाई, इंजिन खणखणीत आहे. घ्या." मग सौदा. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, वीरसिंगभाऊंनी हात पुढे केला, आणि टॉवेलाखाली दोघांची बोटं बोलायला लागली, जशी बैलबाजारात बोलतात तशी. पैसे माझे, गाडी माझी, आणि भाव माहीत फक्त यांच्या बोटांना! मी धुमसत उभी होते. मामांनी कानात आकडा सांगितला तेव्हा कुठे निवळले. आमच्या आवाक्यातला होता.

वीरसिंगभाऊ आणि मी कागदांवर सह्या करायला गावात गेलो. तिथूनच ते परस्पर पिकअप घेऊन माल भरून आणायला गेले आणि मी गाडी न्यायला पाड्यावर परतले. बघते तर मामा नि वीरसिंगभाऊंची बायको रेवाबाई अंगणात उभे, दोघंही मोठं काम उरकल्यासारखे खूश. मामांनी सारंगखेड्याहून येतानाच एक नवं कोरं दावं आणलं होतं, लाल गोंड्याचं, घोड्याला बांधतात तसलं. ते त्यांनी आरशाला बांधून टाकलं होतं.

आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. जुना मालक आपलं दावं सोडून ठेवून घेतो, नाहीतर गोठ्याची बरकत जनावरामागे निघून जाते. घेणाऱ्याने आपलं नवं दावं घेऊन यायचं. पहाडात बैल विकतानाही हेच करतात, म्हणून रेवाबाईंना मामांचं बोलणं लगेच पटलं. "त्यासनं बठ्ठं त्यासले दी टाकं," मामा म्हणाले. "पायपुसणं, हार, किल्लीना गोंडा, बठ्ठं." त्यांचं सगळं त्यांना परत! मला गंमत वाटली. मी गाडी सुरू केली. पहिल्या गिअरने हट्ट केला, मी वेळ दिला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी डायलिसिसची पाळी होती. जगदीश मागच्या सीटवर पाय पसरून आडवे झाले. किती तरी महिन्यांनी ते या रस्त्याला पाय पसरू शकत होते. मामा पुढे बसले. गाडी घाट असा उतरत होती की मी मनातल्या मनात शाळेतल्या त्या बाईला उत्तरं देत होते. आणि एका वळणावर धारदार दगड लागला, मागचं चाक बसलं.

पंक्चर म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. मी उतरले, डिकी उघडली. डिकी झाडून पुसून स्वच्छ. स्टेपनी नाही, जॅक नाही, पाना नाही.

"मामा, डिकीमानं चाक कोठे शे?"

"ते जुनं चाक ना? ते त्यासना ओसरीवर ठेवं," मामा म्हणाले. "पोत्यामां बांधेल व्हतं. लोखंडबी दिधं. त्यासनंच व्हतं ना ते."

मग माझं डोकं फिरलं. "मामा, हाई घोडं नही शे! गाडी शे! घोडाले कोणी पाचवा पाय देस का? गाडीले देतस!" घाटात आवाज घुमला. फोनला रेंज नव्हती. एक जीप आली ती टपापर्यंत माणसांनी भरलेली. ड्रायव्हरने लांबूनच हात हलवला. मागे जगदीश उठून बसले होते, कारण आडवं राहिलं की दम लागत होता. ते मला म्हणाले, "मामांना बोलू नकोस." त्यांचे पाय सुजलेले दिसत होते. मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. मामा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, वरच्या वळणाकडे तोंड करून.

वरच्या वळणावर हॉर्न वाजला. एकदा नाही, सारखा वाजत होता. आमचूरच्या गोण्यांची पिकअप खाली आली, आणि तिच्यातून वीरसिंगभाऊंनी उडी मारली. त्यांच्या हातात चाक होतं.

"सकाळी घरी येऊन बघतो तर ओसरीवर स्टेपनी!" ते धापा टाकत म्हणाले. "रेवाला म्हटलं, हे काय? ती म्हणे, मामांनी दावं परत दिलं. आणि आज तुमचा दवाखान्याचा वार, तुम्हीच सांगितलं होतं ताई. माल उतरवायलाही थांबलो नाही."

जॅक लावून चाक बदलायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. मामा त्यांच्याशेजारी उकिडवे बसले होते. "मन्ही चूक व्हयनी, भाऊ," ते म्हणाले. "माले वाटनं, जुनं चाक तुन्हंच व्हई."

वीरसिंगभाऊ हसले. "दावं ठेवून घेतलं मी, मामा. हार आहे, गोंडा आहे, सगळं आहे. हा तर पाय आहे. पाय कुठे कुणी ठेवून घेतं?"

मी त्यांचे आभार मानायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं. ते बघून ते इतके गडबडले की पाना खिशात घालून पिकअपकडे निघाले, मग आठवण होऊन परत येऊन तो डिकीत ठेवला. घाट संपेपर्यंत त्यांची पिकअप आमच्या मागे होती. आम्ही नंदुरबारला वेळेत पोचलो. जगदीशना आत घेतलं, मशीन सुरू झालं.

बाहेर बाकावर मामा बसले होते. मी चहा आणला, बशी मागून आणली. एवढी ओरडले होते, पण त्यांच्याविषयी मनात नुसती माया दाटून आली होती. शहाद्याच्या त्या लाल गाडीचा मालक, डिकीत सगळं असतं तरी, आमच्या मागे घाटात आला असता का? मी म्हटलं, "मामा, घोडं चांगलं निंघनं."

मामांनी फुंकर मारून एक घोट घेतला. "घोडं मी देखंच नही, बेटी," ते म्हणाले.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. गाडीच्या सगळ्या खोडी तशाच आहेत, नवी एकही नाही. लाल गोंडा आरशाला आहे. उन्हाने त्याचा रंग उतरला. जगदीशांची डायलिसिसची एकही पाळी चुकली नाही. ते आहेत, घरात आहेत, माझ्या वह्या तपासण्यावर टीका करतात, आणि त्यासाठी मी रोज देवासमोर हात जोडते तेव्हा त्या हातांत मामाही असतात आणि वीरसिंगभाऊही.

वीरसिंगभाऊ दर पाळीच्या दिवशी फोन करतात. मामा म्हणतात, चांगला धनी विकलेल्या जनावराची विचारपूस सोडत नाही. आम्ही घाट उतरून रेंजमध्ये आलो की फोन वाजतो. मी गाडी चालवत असते, म्हणून मागे आडवे पडलेले जगदीश फोन उचलतात.

"गाडी उतरली का घाट?" वीरसिंगभाऊ विचारतात.

"उतरलो, भाऊ," जगदीश म्हणतात. "मी उतरलो."