सलीमभाईंचं नख आणि कंपनीचा रंग

सेकंडहँड गाड्यांच्या धंद्यात गाड्या जातात आणि किस्से मागे राहतात. गाडीला गिऱ्हाईक मिळतं, किश्शाला कोण घेणार? मग ते साठत जातात आणि संध्याकाळी चार मित्र बसले की एकेक बाहेर निघतो.

आमचं यार्ड वडखळच्या पुढे, अलिबागच्या रस्त्याला लागून आहे. छोट्या गाड्या आम्ही ठेवत नाही. मोठ्या, परदेशी, चामड्याच्या सीटवाल्या, तेवढ्याच. माझ्या आजोबांनी मिठागरात जन्म काढला. त्याच मिठागरांच्या पट्ट्यातली माणसं आज या गाड्या घेतात, याचा मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही. फक्त गाडी घेतली की आठ दिवसांत तिला नटवतात. सोनेरी करतील, काळी करतील, मागच्या काचेवर नाव घालतील. "नटवा हो, पण विकताना भाव पडतो," असं मी प्रत्येकाला सांगतो, आणि दर महिन्याला कुणीतरी मला खोटं पाडतं.

यार्डात आम्ही तिघं. मी, माझा धाकटा भाऊ नंदू आणि सलीमभाई. भाई मुरुडचे. चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या, आता आमच्याकडे गाड्या तपासतात. हत्यार एकच, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख. ते रंगावरून फिरवतात आणि सांगतात, कंपनीचा की गॅरेजचा. मी तरी ते नख चुकलेलं पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडून गाड्या उचलणाऱ्या मुंबईच्या पार्टीने निरोप धाडला. यापुढे मशीनचा रिपोर्ट पाहिजे, नखाचा चालणार नाही. नंदूने लगेच मशीन आणलं. मोबाईलएवढं, पत्र्याला टेकवलं की रंगाची जाडी सांगतं. "दादा, आता भाईंना कशाला त्रास?" असं तो मला म्हणाला, आणि भाई मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं, चहा संपवला, कप धुऊन ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे एकच विषय, भाई राहणार की मशीन. मला भाई हवे होते, पण पार्टी सोडणंही परवडणारं नव्हतं.

* * *

उरणकडच्या एका ठेकेदाराने भावाच्या लग्नात गाडी सोनेरी करून घेतली होती. नुसती सोनेरी नाही, आरशासारखी सोनेरी. उन्हात उभी केली की बघणाऱ्याला डोळ्यांवर हात धरावा लागे. चार वर्षं मिरवली आणि मग आमच्याकडे विकली.

नंदूने मशीन टेकवलं. आकडा भलताच मोठा आला. "दादा, दुसऱ्यांदा रंग मारलाय. हिला कोण घेणार?"

भाईंनी दाराच्या कडेला नख घातलं आणि म्हणाले, "हा रंग नाही, वर प्लास्टिकची चादर घातलीय. सोलून काढा."

दोन दिवस लागले. आतून पांढरी गाडी निघाली. चार वर्षांत ऊन नाही, खारा वारा नाही, एक ओरखडा नाही. तिच्या वयाच्या बाकी गाड्यांपेक्षा चांगला भाव येणार हे बघताक्षणी कळत होतं.

आठवडाभराने ठेकेदार उरलेले कागद द्यायला आला. त्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आत डोकावला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "महेंद्रशेठ, ही कोणाची हो? माणसानं गाडी ठेवावी तर अशी. मनाच द्या ना ही."

* * *

काचेवरच्या नावाचं वेगळंच असतं. रेवसच्या बाजूला एक नाना आहेत. लग्न असो, मयत असो, दवाखाना असो, नानांची गाडी आधी पोचते. मागच्या काचेवर भगव्या अक्षरांत भलंमोठं 'नाना'. ती गाडी आमच्याकडे आली आणि पुण्याच्या एका डॉक्टरांना आवडली. त्यांचं नागावला घर आहे. "हे नाव तेवढं काढून टाका," असं ते म्हणाले. मी म्हटलं, आधी तेच करतो, नावाने भाव पडतो. भाईंनी ब्लेडने हळूहळू अक्षरं उतरवली, काच पुसून लख्ख केली.

महिन्याभरात डॉक्टर परत आले. मला वाटलं, इंजिनाची तक्रार असणार.

"नंबर सगळ्यांना पाठ आहे हो तुमच्याकडे," डॉक्टर म्हणाले. "जेट्टीवर मला तीन वेळा अडवलं. नानांची गाडी तुमच्याकडे कशी, नाव कोणी खोडलं, नाना बरे आहेत ना? एकाने तर चावीच काढून घेतली. नानांना फोन लावून दिला तेव्हा सोडलं."

मी माफी मागितली. डॉक्टर म्हणाले, "माफी नको. फोनवर नानांनी त्यांना सांगितलं की डॉक्टर आपला माणूस आहे. तेव्हापासून दर रविवारी दारात मासळी येते, पैसे घेत नाहीत. ते नाव परत लावून द्या."

* * *

दिघीच्या पलीकडचा एक गाडीवाला. त्याने चाकांवरच्या स्प्रिंगा कापून गाडी इतकी खाली बसवली होती की पोटाखालून माचिस गेली नसती. विकायची ठरल्यावर त्याने गाडी फेरीबोटीतून आगरदांड्याला आणायची, आणि भाईंनी मुरुडहून येऊन बघायची, असं ठरलं.

गाडी आगरदांड्याला उतरताना अडली. पुढची चाकं जमिनीवर, मागची बोटीत, आणि पोट उतारावर टेकलेलं. मागे एक टेम्पो, पाच-सहा रिक्षा, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका. सगळा खोळंबा.

एका मावशीने पाटी खाली ठेवून विचारलं, "गाडी खाली बसवाया किती दिलंस रे बाबा?"

त्याने आकडा सांगितला.

"मंग वर उचलाया आमाला किती देशील?"

हसतहसत पंधरा-वीस जणांनी हात घातला आणि गाडी उचलली. सगळ्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या, बोटवाला ओरडतोय, आणि आमचे सलीमभाई मोबाईलची बॅटरी लावून गाडीखाली वाकले. खारं पाणी कुठंकुठं लागलंय ते निवांत बघत तिथूनच म्हणाले, "माशाल्ला, अशी संधी परत येत नाही. पाच मिनिटं धरून ठेवा."

* * *

आणखी एक प्रकार म्हणजे मागचा आकडा बदलणारे. गाडी धाकट्या मॉडेलची, आणि मागे थोरल्या मॉडेलचा आकडा चिकटवलेला. पेणचे एक गृहस्थ असा आकडा लावून आले आणि थोरल्या मॉडेलचा भाव मागायला लागले. मी आरसी बुक पुढे केलं.

"कागद राहू द्या," ते म्हणाले. "मागं काय लिवलंय ते बघा ना."

अर्धा तास मी समजावत होतो. शेवटी भाई उठले, त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि नंदूला म्हणाले, "माझ्या पाठीवर तलाठी लिही. साहेबांचा सातबारा आताच काढून देतो."

गृहस्थ हसले आणि बरोबर भावात गाडी देऊन गेले.

* * *

हे सगळं होऊनही मशीनचा प्रश्न तसाच होता. शेवटी पार्टीने आपला इंजिनिअर पाठवला. एक गाडी त्याने मशीनने बघायची, भाईंनी नखाने बघायची, आणि काय तो निकाल लावायचा. भाईंची नोकरी त्या एका गाडीवर होती, आणि हे यार्डात सगळ्यांना माहीत होतं.

गाडी आली दामूशेठची. दामूशेठ म्हणजे आमच्या भागातले मोठे ट्रान्सपोर्टवाले. त्यांची काळी गाडी अख्ख्या किनाऱ्यावर एकमेव असेल जिच्यावर एक स्टिकर नाही, साधं लिंबूसुद्धा बांधलेलं नाही. ते स्वतः घेऊन आले, बरोबर सुनंदावहिनी होत्या. पुढे अलिबागला नातेवाईकांकडे जायचं होतं. वहिनींना खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं.

"शोरूममधून निघाली तशीच हाय," दामूशेठ म्हणाले. "माझ्याशिवाय हिच्या स्टिअरिंगला कोणी हात लावलेला न्हाय. घरच्यांनीसुद्धा."

इंजिनिअरने छप्पर, बॉनेट, चारी दारं, सगळीकडे मशीन टेकवलं. रिपोर्ट आला, पूर्ण ओरिजिनल. दामूशेठनी मिशीवर हात फिरवला.

मग भाई उठले. ते गाडी नेहमी मागून बघायला लागतात. मागच्या बंपरवरून नख फिरवत गेले, डाव्या कोपऱ्यात थांबले. परत फिरवलं. परत तिथेच थांबलं.

"हा रंग कंपनीचा नाही," भाई म्हणाले.

इंजिनिअर हसला. "बंपर प्लास्टिकचा असतो, काका. मशीन पत्रा मोजतं. आमच्या फॉर्ममध्ये बंपर नाहीच."

"फॉर्ममध्ये नसेल. रंग मारलाय."

दामूशेठ चिडले. "म्हंजे मी खोटं बोलतो? महेंद्र, तुझ्या यार्डात मला हे ऐकून घ्यावं लागणार? भाई, वय झालं तुमचं. घरी बसा आता."

आणि मी, ज्याने भाईंच्या नखाच्या गोष्टी गावभर सांगितल्या, तो मी म्हणालो, "भाई, जाऊ द्या ना. बंपरच तर आहे." त्याची लाज मला आजही वाटते. पार्टीचा माणूस समोर उभा होता, दामूशेठ चावी परत मागत होते, आणि मी घाबरलो.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "महेंद्रशेठ, माझं चुकलं असेल तर उद्यापासून मी येत नाही. पण पगार घेतो तो खरं सांगायचा. मागचा बंपर डाव्या कोपऱ्यात ठोकलाय, आणि रंगवणारा चांगला कारागीर होता."

नंदू खाली बघत होता. इंजिनिअरने मशीन पेटीत ठेवलं. भाईंनी खिशातून यार्डाची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

तेवढ्यात सुनंदावहिनींनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. पदर नीट केला, उठल्या, नवऱ्याकडे न बघता टेबलाजवळ आल्या. किल्ली उचलून भाईंच्या हातात दिली.

"भाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही अजून पुढच्या बंपरकडं गेलाच न्हाय."