गुळाच्या ढेपांखालचा सांधा

गेल्या महिन्यात एका सकाळी माझ्या कामांच्या यादीत ‘दादाला फोन’ असं लिहिलेलं होतं. मी तो करण्याआधीच वहिनींचा फोन आला. शिरीषदादा झोपेतच गेला होता...

माझा हा थोरला चुलतभाऊ इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. लाकडाच्या तुळया बोल्टांनी जोडल्या की वजनाखाली तो सांधा कसा वागतो, हे संगणकावर मांडण्यात त्याची सगळी हयात गेली. जेवायला बोलवायचा आणि आधी स्क्रीनवरचा रंगीबेरंगी सांधा दाखवत बसायचा. “लोखंड सगळीकडून सारखं गं, लाकूड उभं वेगळं, आडवं वेगळं,” तो सांगायचा आणि माझं लक्ष स्वयंपाकघरातल्या रश्श्याच्या वासाकडे असायचं.

आमच्या पेठेतल्या तालमीचं जुनं सागवानी छप्पर उतरवून पत्रे घालायचं ठरत आलं, तेव्हा दादा मध्ये पडला. तुळयांची कुजलेली टोकं कापून तिथं नवं लाकूड बोल्टांनी जोडू, छप्पर टिकेल, म्हणाला. मंडळींनी आधी करून दाखवायला सांगितलं. तसाच एक सांधा तालमीच्या अंगणात उभा राहिला. आमचा गुळाचा व्यापार, त्यामुळे वर रचायला सारख्या वजनाच्या ढेपा मी टेम्पोनं पाठवल्या. पहिल्याच थराला सांधा संगणकाच्या अंदाजापेक्षा जास्त सरकला.

“सर, तुमचा कॉम्प्युटर उपाशी हाय जणू,” वस्ताद म्हणाले. “त्यालाबी जरा गूळ चारा की.”

सगळे हसले, दादाही. मग म्हणाला, “चूक माझी. बोल्ट घट्ट बसलाय असं मी धरलं. भोक जरा मोठं असतं, बोल्ट लाकडाला टेकेपर्यंत सांधा सरकणारच. ते मांडून बघतो, तोवर पत्रे मागवू नका.”

पुढच्या आठवड्यात नवं गणित घेऊन आला. ढेपा पुन्हा रचल्या. सांधा त्यानं सांगितलं तेवढाच सरकला आणि थांबला. दुसऱ्या दिवशीपर्यंत ढेपांना मुंग्या लागल्या, सांधा मात्र हलला नाही. छप्पर राहिलं.

उन्हाळ्यात लाकूड आकसतं, नट सैल होतात. म्हणून दरवर्षी मे महिन्यात दादा तालमीत जाऊन ते आवळायचा. यंदा मी गेले. वस्ताद म्हणाले, “ताई, पोरं सगळं आधीच आवळत्यात, दरसाल. एक नट तेवढा सैल सोडायचा. सर वर चढून सगळे तपासायचे, त्यो घावला की खूश हून उतरायचे.”

“आणि यंदा?”

“यंदाबी सोडलाय की.”

मी पाना मागितला, पदर खोचला आणि शिडी चढले.