ईदच्या दिवशीची एकादशी

इंदापूरच्या मोटारस्टँडवर बारामतीची सर्व्हिस थांबली आणि स्वतः खाली उतरायच्या आधीच ड्रायव्हरनं स्टँडवर उभ्या असलेल्या मला हाक मारली, "भाऊसाहेब, तुमचं हाटेलवालं हुसेनभाई गेलं. चार दिस झालं." चार दिवस! तिकडं मातीसुद्धा देऊन झाली होती आणि मी इथं पाटाच्या कचेरीत पाण्याचे अर्ज चाळत बसलो होतो. त्याला आता दीड महिना होईल. लिहू की नको करत होतो, पण एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही आणि आता ती ऐकायला हक्काचा माणूसही उरला नाही.

बारामतीला रेल्वे आली तेव्हा स्टेशनाजवळ एका गूळव्यापाऱ्यानं हे हॉटेल बांधलं. दोन मजले, सागवानी जिना, वरच्या गॅलरीला रंगीत काचा आणि दिवाणखान्यात माणूसभर उंचीचा आरसा. निरवांगीकडून गुळाच्या गाड्या घेऊन आलेली माणसं आधी त्या आरशापुढं पटका नीट करत आणि मग बाजारात जात. मालकाला ते खपत नसे. हुसेनभाई तिथले मॅनेजर. ते म्हणत, "बगू द्या की शेठ, आरसा काय झिजतोय व्हय?" पुण्याचे वकील, कालव्याचे साहेब, सगळे तिथंच उतरत. पुढं कळंबकडं साखर कारखाना उभा राहू लागला, तेव्हा तिथले इंजिनेर महिनोन्‌महिने तिथं मुक्काम ठोकून असत. बदली होऊन बारामतीला गेल्यावर मीही मागच्या बाजूची एक खोली धरली. बायको जाऊन वर्ष झालं होतं आणि बिऱ्हाड थाटायचं कुणासाठी, हा प्रश्नच होता.

स्वयंपाक तात्या आचाऱ्यांचा, कडक सोवळ्यातला. म्हणून हुसेनभाईंनी जेवणघराचा उंबरा कधी ओलांडला नाही. पण कुणाचा सोमवार, कुणाची चतुर्थी, हे पाहुण्यांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक! त्यांच्या टेबलामागं खिळ्याला पंचांग टांगलेलं असे. "भाऊसाहेब, उद्या एकादशी हाय. वरी करायची का साबुदाणा?" मी एकटा जेवायला बसलो की ते उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून इकडचं तिकडचं बोलत बसत आणि मी हात धुईपर्यंत उठत नसत. तेही एकटेच होते, जिन्याखालच्या खोलीत राहत. ते स्वतः कधी जेवतात, कुणाबरोबर जेवतात, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

रमजान संपत आला होता. संध्याकाळी आम्ही गच्चीवर चंद्र शोधत होतो. कोर आधी मला दिसली, मीच बोट करून दाखवली आणि हुसेनभाई भलतेच खूष झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी नवा सदरा घालून ते माझ्या दारात उभे. "भाऊसाहेब, आज माझ्या खोलीत या. वाटीभर शिरखुर्मा घ्या. आजवर कुणाला बलावलं न्हाय." शेजारच्या खोलीतले काय म्हणतील, कचेरीत कळलं तर... आणि तोंडातून निघून गेलं, "आज माझी एकादशी आहे हो."

आदल्या संध्याकाळी चंद्रकोर दाखवणारा मी! बीजेच्या चंद्राला मी एका रात्रीत एकादशी गाठायला लावली. "व्हय का? मग फराळाचं धाडतो," एवढंच हुसेनभाई म्हणाले. अर्ध्या तासानं खिचडी आली. ती मी दार लावून खाल्ली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी ते नेहमीसारखेच स्टुलावर येऊन बसले. त्या दिवसाबद्दल पुढंही कधी अवाक्षर काढलं नाही. माफी मागायची, असं मी दहादा ठरवलं... आज करू, उद्या करू म्हणता म्हणता माझी इंदापूरला बदली झाली. कारखान्याचे बंगले झाले, इंजिनेर तिकडं राहायला गेले आणि हॉटेलही ओस पडत गेलं.

गेल्या आठवड्यात बारामतीला गेलो. तात्या आचाऱ्यांनी जिन्याखालची खोली उघडली. त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. एक बाज, एक पेटी, कोनाड्यात कल्हईच्या दोन वाट्या.

"त्या ईदला तुमच्यासाठीच नव्या आणल्या हुत्या," तात्या म्हणाले. "शिरखुर्मा बी मीच केलेला, आपल्याच चुलीवर, सोवळ्यात. म्हणले, भाऊसाहेबांना अडचण नगो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी निघालो हुतो सांगायला. नगो म्हणले. म्हणले, मानूस आपनहून यावा." तात्यांनी कोनाड्याकडं हात केला. "दोन्ही वाट्या त्यांनीच संपवल्या... हितंच बसून."

मी एक वाटी उचलून पाहिली, परत कोनाड्यात ठेवली. तात्यांनी विचारलं, "जेवून जानार न्हवं?"

"जेवतो. पण जेवणघरात नको, इथंच वाढा."

तात्या दाराशी घुटमळले आणि मग ताट घेऊन आत आले. मी जेवलो, एकटाच.