उलटं वाचणारी मावशी

मावशी छापखान्यात प्रुफं तपासायची, तीही उलटी. पानाच्या शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत. सरळ वाचलं की डोळा अर्थाच्या नादी लागतो आणि चुका निसटतात, असं तिचं म्हणणं. अर्थाशी तिला काडीचंही देणंघेणं नव्हतं.

विश्वाच्या जन्मावरचं पुस्तक आलं तेव्हा मात्र पंचाईत झाली. ती शेवटून वाचत गेली, तशा दूर पांगलेल्या दीर्घिका तिच्या बोटाखाली जवळ येऊ लागल्या. ताऱ्यांचे पुन्हा वायूचे ढग झाले. सगळं तापत, आवळत एका ठिपक्यात शिरलं. पुस्तकाचा पहिला शब्द आला, तरी बोट थांबलं नाही. डावीकडच्या कोऱ्या समासात सरकत राहिलं.

“इथे काहीतरी आहे,” ती म्हणाली. मालक हसले. तिचा डबा घेऊन आलेली मीही हसले, मूर्खासारखी.

म्हातारपणी ती विसरतही गेली तशीच, शेवटाकडून. आधी मला, मग छापखाना, मग नवरा, मग शाळा. डॉक्टरांनी आजाराला भलंमोठं नाव दिलं. काय करायचंय नाव घेऊन!

शेवटच्या दुपारी तिने “आई” अशी हाक मारली. आला पहिला शब्द, संपलं, असं मला वाटलं. पण तिचं बोट चादरीवर डावीकडे सरकतच होतं. मी ते घट्ट धरलं. तिने चिडून सोडवून घेतलं.

“थांब गं. याच्या आधीही मजकूर आहे,” ती म्हणाली. “आणि त्यात एक चूक राहिलीय.”