गिळलेला जंतू

क्षयरोगाच्या दवाखान्यात एक वेळ औषधं संपतील, किस्से संपत नाहीत. द्वारका चौकाजवळच्या आमच्या दवाखान्यात मी समुपदेशक आहे. पेशंटनं गोळ्या मध्येच सोडू नयेत म्हणून त्याच्याशी बोलत राहायचं, हे माझं काम. बोलायला बसलं की ऐकावंही लागतं.

*

आमचे देसले डॉक्टर प्रत्येकाला समजावतात. शरीरातल्या राखणदार पेशी जंतूला गिळतात, पण हा आत जाऊनही मरत नाही, तिथंच वाढतो. मग दुसऱ्या पेशी येऊन पहिल्यांना जोर देतात. तरीही नाही मेला, तर सगळ्या मिळून भोवती कडं करून त्याला कोंडतात. कडं ढिलं पडलं की स्वारी बाहेर.

सायखेड्याचे एक नाना, गावचे पुढारी, मन लावून ऐकत होते. म्हणाले, "डॉक्टर, आमच्यात याला पक्षप्रवेश म्हणत्यात."

*

कॉलेज रोडच्या दोन शेजारणी तोंडाला स्कार्फ बांधून एकाच बाकावर बसल्या होत्या. नावं पुकारली तेव्हा एकमेकींना ओळखलं. पहिली म्हणाली, सहज बी-कॉम्प्लेक्स न्यायला आले होते. दुसरी म्हणाली, मीही. मग पहिलीनं विचारलं, "इथलं चांगलं असतं, नाही?"

*

एक गृहस्थ इम्युनिटीची पावडर विकायचे. त्यांनाच क्षय निघाला. पावडर किती दिवस घेत होतात, असं डॉक्टरांनी विचारलं. गृहस्थ दुखावले. "मी कशाला घेऊ? माझा धंदा आहे तो."

*

पेठकडच्या सखूला क्षय निघाला तेव्हा नवऱ्यानं तिला माहेरी नेऊन सोडलं आणि पुन्हा फिरकला नाही. तिथून ती एसटीनं एकटीच यायची. गोळ्यांनी मळमळायचं, तरी तिनं कोर्स पुरा केला. शेवटच्या तपासणीला नवरा हजर. भात लावणीला माणूस कमी पडत होतं. ही बरी झाल्याचं लिहून द्या, मग घरी नेतो, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं. सांगताना दोनदा खोकला.

सखूनं टेबलावरची थुंकी तपासायची रिकामी डबी उचलली आणि त्याच्या हातात दिली. "माझी तपासनी झाली. आता तू थुक."

त्यानं डबीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. हळूच म्हणाला, "आन माझ्यात निघाला तं?"

"मंग तू बी जा माहेरी."