शेजारणीची कोरी चादर

इस्त्रीच्या दुकानात सगळे तिला वाघीण म्हणत. अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सगळं उरकून ती एकोणिसाव्या वर्षी दिवसभर इस्त्री फिरवायची, आणि कॉलेज सुटलं म्हणून रडत बसली नव्हती. एकदा वाघीण म्हटलं की झालं, मग कुणी हातभार लावायला नको!

त्या दिवशी मदत केंद्राच्या बाई घर बघायला येणार होत्या. त्यांना पटलं, तर दिवसा बापाजवळ बसायला माणूस मिळणार होता आणि तिचं कॉलेज पुन्हा सुरू होणार होतं. बाहेरचं माणूस येणार म्हटल्यावर शेजारच्या मावशी सकाळीच पदर खोचून हजर. "घराची लाज राखायला हवी गं," म्हणत त्यांनी फरशी घासली, घाण कपड्यांची बादली पलंगाखाली ढकलली आणि बापाखाली स्वतःची कोरी चादर अंथरली. पोरीनेही हौसेने पडद्यांना इस्त्री केली.

बाई आल्या, चहा प्यायल्या, खूश झाल्या. "किती नेटकं ठेवलंयस गं! आमच्याकडे माणसं कमी. जिथे खरंच हाल आहेत तिथेच पाठवावी लागतात. तुझं काही अडायचं नाही."

बादली बाहेर ओढावी, असं तिला फार वाटलं. पण मावशी दारात कौतुकाने बघत उभ्या होत्या. ती म्हणाली, "हो, चाललंय."

बाई गेल्या. "नाव काढलंस!" मावशी म्हणाल्या.

तिने बापाला कुशीवर वळवलं. चादर ओली झाली होती. परत द्यायची तर धुऊन, कडक इस्त्री करूनच द्यायला हवी होती.